आघात इथे, नाद तिथे

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटमध्ये काठी एका ठिकाणी पडते आणि आवाज दुसऱ्याच ठिकाणी होतो. काठी पडते ती रबरी किंवा जाळीदार पॅडवर. पॅडखालची चकती त्या धक्क्यातून विजेचा लहानसा स्पंद तयार करते, तो केबलमधून मॉड्यूल नावाच्या पेटीत जातो आणि पेटीच्या स्मृतीत आकड्यांच्या रूपाने ठेवलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो. कातड्याच्या ढोलात आघात, कंप आणि नाद ही तिन्ही एकाच पुडीवर घडतात, म्हणून ‘ढोल वाजला’ या वाक्याबद्दल कोणाच्या मनात शंका येत नाही. इलेक्ट्रॉनिक किटने या तिघांची फारकत केली. त्या किटला आणखी पॅड आणि ट्रिगर, म्हणजे धक्का टिपणारे भाग, जोडायला घेतले की ही फारकत केवळ तंत्राची बाब उरत नाही. पाच पॅडांचे किट सात पॅडांचे होते, मग दहांचे. झिजलेले पॅड बदलले जातात, पुढे कधी मॉड्यूलही बदलते, तरी वाजवणारा त्याला तेच किट म्हणतो. मग वाद्याचे एकपण कशात असते? आणि या साऱ्या मांडणीत वाजते ते नेमके काय? भारतीय दर्शनांनी हे प्रश्न फार पूर्वी हाताळले आहेत आणि ते हाताळताना पुन्हा पुन्हा ढोलाचाच दृष्टांत घेतला आहे.

आधी यंत्राची रचना. पॅडखालच्या चकतीला पिएझो म्हणतात. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. ट्रिगरमध्ये पितळेच्या पातळ चकतीवर सिरॅमिकचा थर असतो. २७ आणि ३५ मिलिमीटर व्यासाच्या अशा चकत्या बाजारात सहज मिळतात आणि घरी ट्रिगर बनवणारे त्याच वापरतात. १९८१ मध्ये सिमन्स कंपनीचे षटकोनी पॅडांचे किट आले, १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मिडी ही संकेतपद्धती ठरली आणि १९८५ मध्ये रोलँडचा आठ पॅडांचा ऑक्टोपॅड आला. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये आणि बेंजो पार्ट्यांमध्ये ऑक्टोपॅड हा शब्द इतका रुळला आहे की कोणत्याही कंपनीच्या अशा पॅडला तेच नाव मिळते. १९९७ मध्ये रोलँडने आपल्या किटमध्ये जाळीदार पुडी आणली. ती ताणता येते, काठीला उसळी देते, पण स्वतः जवळजवळ काहीच आवाज करत नाही.

किट वाढवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. मॉड्यूलला मोकळे जॅक असतील तर पॅड आणून जोडला की काम झाले. ते नसतील तर एक स्टिरिओ जॅक दुभागणाऱ्या केबलने दोन साध्या जॅकांत विभागता येतो. पाव इंची स्टिरिओ प्लगवर दोन वाहिन्या असतात. दोन भागांच्या पॅडमध्ये त्यांतली एक मधल्या पुडीची आणि दुसरी कडेची असते. कडेचा आघातही मॉड्यूल पिएझोनेच ओळखत असेल तर त्या वाहिनीवर स्वतंत्र पॅड चालतो. कडेला नुसते दाबबटण अपेक्षित असेल तर चालत नाही, आणि खरेदीतली निम्मी फसगत इथेच होते. तिसरा मार्ग म्हणजे वेगळी ट्रिगर-पेटी घेऊन तिचे मिडी संकेत मुख्य मॉड्यूलला देणे. चौथा, खऱ्या ढोलाच्या कड्यावर ट्रिगर चिमटवून त्याच्या स्वतःच्या आवाजाला साठवलेल्या आवाजाची जोड देणे. मार्ग कोणताही असला तरी शेवटची पायरी सारखीच असते: कोणत्या पॅडच्या कोणत्या भागावर काठी पडली असता कोणता आवाज यावा, याची मॉड्यूलमध्ये नेमणूक करावी लागते. ही नेमणूक होईपर्यंत नवा पॅड म्हणजे रबराचा तुकडा.

तबल्याला किंवा ताशाला अशी नेमणूक लागत नाही. त्यांची नेमणूक लाकडाने, पत्र्याने आणि कातड्याने आधीच केलेली असते. भरताच्या नाट्यशास्त्रात ढोलांच्या उत्पत्तीची कथा आहे. स्वाती मुनी पावसाळ्यात तळ्यावर पाणी आणायला गेले असता कमळाच्या पानांवर सरी कोसळू लागल्या. मोठ्या, मध्यम आणि लहान पानांवर पडणाऱ्या धारांचे नाद वेगवेगळे होते. मुनींनी ते मनात धरून ठेवले आणि विश्वकर्म्याच्या साहाय्याने पुष्कर वाद्ये घडवली. अनेक पॅडांच्या किटचे हे फार जुने आणि फार सुंदर चित्र आहे. पाऊस एक आणि पाने अनेक, पण इथे प्रत्येक पान स्वतः वाजते. पानाचा आकार बदलला म्हणून नाद बदलतो. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये आठ इंची पॅड काढून बारा इंची बसवला तरी आवाज बदलेलच असे नाही, कारण तिथे पान वाजतच नाही.

मग वाजते काय? याचे सर्वांत काटेकोर उत्तर न्याय-वैशेषिकांच्या ध्वनिविचारात सापडते. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे आणि तो तीन प्रकारे उपजतो: संयोगातून, विभागातून आणि आधीच्या शब्दातून. संयोगजन्य शब्दाचे त्यांचे ठरलेले उदाहरण भेरी आणि दंड यांचे, म्हणजे ढोल आणि काठीचे. विभागजन्याचे उदाहरण बांबू फाडताना होणाऱ्या तडतडीचे. भेरीपाशी झालेला पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पाण्यावरच्या लाटांसारखी ती परंपरा कानापर्यंत पोचते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून संस्कृत पाठशाळांतले विद्यार्थी हे उदाहरण घोकत आले आहेत.

या उदाहरणातले बारकावे मोलाचे आहेत. शब्दाचे समवायी कारण, म्हणजे तो ज्यात राहतो ते द्रव्य, आकाश. असमवायी कारण म्हणजे भेरी आणि आकाश यांचा संयोग. काठी आणि भेरी यांचा संयोग हे केवळ निमित्त कारण. म्हणजे काठी पडणे आणि ढोलाने आकाशाला स्पर्श करणे या दोन गोष्टी नैयायिकांनी पहिल्यापासूनच वेगळ्या धरल्या होत्या. एकाच पुडीवर घडत असल्यामुळे सामान्य माणसाला त्या एक वाटत, इतकेच. इलेक्ट्रॉनिक किटने ज्यांची ताटातूट केली ते दोन संयोग शास्त्रात पूर्वीच सुटे होते.

हे विश्लेषण किटला लावले की उत्तर अनपेक्षित येते. आकाशाशी, आजच्या भाषेत हवेशी, ज्याचा संयोग होऊन नाद उपजतो तो स्पीकरचा पडदा. म्हणून भेरी ती. पॅड, त्याखालची चकती, केबल आणि मॉड्यूल हे सारे निमित्ताच्या बाजूचे. पॅड दिसायला ढोलासारखा असला, त्याला पुडी आणि कडे असले, तरी तो दंडाच्या पक्षातला आहे. तो हातातल्या काठीचे लांबलेले टोक आहे. किटला पॅड जोडणे म्हणजे ढोल वाढवणे नव्हे. एकाच भेरीपर्यंत पोचणाऱ्या काठ्या वाढवणे आहे. खऱ्या ढोलावर ट्रिगर लावलेल्या मिश्र मांडणीत मात्र एकच पुडी दोन्ही पक्षांत असते: स्वतःच्या आवाजापुरती भेरी आणि स्पीकरच्या आवाजापुरती काठी.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. आवाज तर मॉड्यूलमध्ये आधीच साठवलेला असतो. आघात त्याला उत्पन्न करत नाही, फक्त प्रकट करतो. हे मत मीमांसकांच्या बाजूचे वाटते. शब्द नित्य आहे, उच्चार त्याला केवळ अभिव्यक्त करतो, असे ते म्हणतात, आणि ‘हा तोच गकार’ अशी जी ओळख ऐकणाऱ्याला पटते तिचा आधार घेतात. तुलना मोहात पाडणारी आहे, पण टिकणारी नाही. मीमांसकांचे नित्यत्व वर्णाचे आहे, ध्वनीचे नाही. वर्णाला प्रकट करणारा ध्वनी त्यांच्याही मते क्षणात विरणारा. शिवाय मॉड्यूलमध्ये जे साठवलेले असते तो शब्द नसून आकड्यांची रांग असते. ती कानांना ऐकू येत नाही, आणि कानाने ग्रहण होणारा तो शब्द ही नैयायिकांची व्याख्या तिला लागू पडत नाही. सगळ्यांत बोलका पुरावा वादकांच्याच अनुभवात आहे. स्नेअरचा एकच साठवलेला आवाज भराभर पुन्हा वाजवला की तो खोटा वाटतो, मशीनगनसारखा ऐकू येतो. म्हणून उत्पादक एकाच आघाताची अनेक ध्वनिमुद्रणे ठेवतात आणि दर वेळी वेगळे वाजवतात. ढोलाच्या बाबतीत कानाला ‘तोच’ नको असतो, ‘तसाच’ हवा असतो.

आता एकपणाचा प्रश्न. वैशेषिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून निराळा, खरा पदार्थ असतो, आणि एखादा अवयव निघाला किंवा नवा जोडला गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. हा नियम किटला सरळ लावला तर नवा पॅड जोडताक्षणी जुने किट नाहीसे झाले असे म्हणावे लागेल. पण किट हा अवयवी आहे का, हेच आधी पाहायला हवे. धाग्यांचे वस्त्र होते तसे पॅडांचे किट होत नाही. पॅड एकमेकांपासून हातभर अंतरावर रॅकला चिमटलेले असतात आणि केबलच्या संयोगाने जोडलेले असतात. न्यायसूत्रांत समुदायाची दोन उदाहरणे येतात, सेना आणि वन. दुरून ती एक दिसतात, जवळ गेल्यावर सैनिक आणि झाडे सुटी दिसतात. अवयवी न मानणारे म्हणत की सर्वच वस्तू तशा आहेत. नैयायिकांनी ते नाकारले. वस्त्राबद्दल कोणाचे बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी किट सेनेच्या जातीचे आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल.

बौद्धांना यात अडचण नाही. मिलिंदप्रश्नात भदंत नागसेन राजाला विचारतात की रथ म्हणजे आस का, चाके का, सांगाडा का, जू का? यांतले एकेक म्हणजे रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते. किटचेही तसेच. पण रथापेक्षा किटला अधिक जवळची कथा संयुत्तनिकायातल्या ‘आणि’ सुत्तात आहे. इथे ‘आणि’ म्हणजे खुंटी. दशार्ह नावाच्या क्षत्रियांकडे आनक नावाचा मोठा ढोल होता. त्याला तडा गेला की ते तिथे एक खुंटी ठोकून बसवत. असे होत होत एक वेळ अशी आली की मूळ ढोलाचे लाकूड उरलेच नाही, उरला तो खुंट्यांचा सांगाडा. भगवान बुद्धांनी ही कथा भिक्षूंना सांगितली ती इशारा म्हणून: पुढे असे दिवस येतील की तथागताची गंभीर सुत्ते कोणी लक्ष देऊन ऐकणार नाही, मागाहून रचलेली सुबक काव्येच लोक ऐकतील, आणि मूळ सुत्ते लोपतील.

भाग बदलत गेलेल्या वस्तूचा प्रश्न जगात अनेकांनी मांडला आहे. ग्रीकांनी तो जहाजाच्या फळ्यांवर मांडला. त्या मांडणीत प्रश्न ओळखीचा आहे: जहाज तेच की दुसरे? आनकाच्या कथेत प्रश्न वेगळा आणि अधिक कळकळीचा आहे. ढोल तोच का, याची चिंता बुद्धांना नाही. ढोल ज्यासाठी होता ते टिकले का, याची आहे. किट वाढवणाऱ्याने विचारायचा प्रश्नही हाच. खुंटी ठोकणे चूक नव्हते. तडा तसाच राहू देणे कोणालाच परवडले नसते. पण प्रत्येक खुंटीमागे नाद जपला जातो का हे पाहणारे कान हवे होते. दहावा पॅड जोडताना त्यावर नेमायला आवाजच सुचत नसेल, तर ती आनकाची खुंटी आहे. उलट ढोलकीचा ‘धा’ आणि ‘ना’ दोन पॅडांवर वेगळे मिळाल्याने एखाद्याचा ठेका मोकळा होत असेल, तर दोन पॅडांचा तो खर्च योग्य आहे.

कर्त्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि पॅड वाढले की तो उग्र होतो. मॉड्यूलला प्रत्येक धक्का आघात म्हणून मान्य नसतो. थ्रेशोल्ड नावाची एक मर्यादा असते. तिच्या खालचा स्पंद आघात धरला जात नाही. ती फार वर ठेवली तर स्नेअरवरचे हळुवार टोले गळतात. फार खाली ठेवली तर जमिनीवरून कोणी चालत गेले तरी किक वाजते. आघात झाल्यावर चकती क्षणभर थरथरत राहते, म्हणून पुढचे काही मिलिसेकंद मॉड्यूल कान झाकून घेते, नाहीतर एका टोल्याचे दोन होतात. आघाताचा जोर मिडीत १ ते १२७ या आकड्यांत बसवला जातो. कोणता पॅड, किती जोर, हा संकेत मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या केबलमधून जायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. ढोलापासून फूटभर अंतरावरच्या कानाला नाद पोचायला जेमतेम तेवढाच वेळ लागतो.

एकाच रॅकवर पॅड वाढले की मात्र नवी अडचण उभी राहते. एका पॅडवरचा टोला लोखंडी नळीतून शेजारच्या पॅडपर्यंत जातो आणि तोही वाजतो, कोणी त्याला हात न लावता. याला क्रॉसटॉक म्हणतात. हा आवाज कोणाचा? काठी वादकाची, धक्का वादकाचा, पण तो आवाज त्याला अभिप्रेत नव्हता. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे करण्याचा हेतू, तेच कर्म. त्या कसोटीवर हा आवाज कोणाचेच कर्म नाही. मॉड्यूलमधली क्रॉसटॉक रोखणारी सोय दोन पॅडांचे स्पंद जवळजवळ एकाच क्षणी आले तर दुबळा तो खोटा मानते. हा अंदाज आहे, ज्ञान नव्हे. वादकाने खरोखरच दोन पॅड एकदम वाजवले, एक जोरात आणि एक हळू, तर यंत्र हळुवार टोल्याचा बळी देते. हेतू यंत्राला दिसत नाही. त्याला फक्त जोर आणि वेळ दिसतात.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला जो दृष्टांत देतात तो इथे आठवावा असा आहे. दुंदुभी वाजत असताना बाहेर पसरलेले तिचे सुटे सुटे नाद कोणालाही पकडता येत नाहीत. दुंदुभी धरली, किंवा तिच्यावरचा आघात धरला, की नाद हाती येतो. त्यानंतर शंख आणि वीणा यांचे दृष्टांत येतात. शंकराचार्यांनी याचा अर्थ सामान्य आणि विशेष यांच्या भाषेत लावला: सुट्या ध्वनींना दुंदुभीच्या सामान्य नादावेगळे अस्तित्व नाही, तसे जगातल्या विशेषांना ब्रह्मावेगळे नाही. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये दृष्टांताचा पहिला पर्याय निकामी होतो. पॅड घट्ट धरला तरी त्यावर नेमलेला आवाज पूर्ण होईपर्यंत वाजतच राहतो. सिम्बलच्या पॅडची कड बोटांत धरून आवाज थांबवता येतो खरा, पण तो थांबतो कारण कडेतले बटण मॉड्यूलला तसे कळवते. धातूचा कंप हाताने दाबला म्हणून नव्हे. उरतो तो दुसरा पर्याय, आघात. सुट्या आवाजांना एका वाद्यात बांधणारी गोष्ट या किटमध्ये पॅडांत नाही, मॉड्यूलच्या साठ्यातही नाही. अमुक टोल्याला अमुक आवाज ही नेमणूक, आणि ती अंगवळणी पडलेला वादकाचा हात, या दोहोंच्या जोडीत ती आहे. मॉड्यूल बदलून नेमणुका जशाच्या तशा उतरवून घेतल्या तर पहिल्या तालालाच किट जुनेच वाटते. नेमणुका पुसल्या तर सगळे पॅड जागच्या जागी असूनही परक्याच्या घरात शिरल्यासारखे होते.

धर्मकृत्यात हा प्रश्न आणखी एक वळण घेतो. आरतीला ताशाऐवजी पॅडवर नेमलेला ताशाचा आवाज चालेल का? गोंधळात संबळाऐवजी? मीमांसकांनी प्रतिनिधी या विषयावर बारकाईने विचार केला आहे. व्रीही मिळाले नाहीत तर नीवार चालतात, सोम मिळाला नाही तर पूतीक. पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. याच धाग्याने पाहता, आरतीत ठेका धरणे हा हेतू असेल तर ताशाच्या जागी पॅड हा मान्य होण्याजोगा प्रतिनिधी आहे. गोंधळातला संबळ मात्र नुसते ठेक्याचे साधन नाही. गोंधळ्याच्या परंपरेत ते वाद्य स्वतः मानाचे आहे. तिथे भेरीच विधीचा भाग आहे, आणि काठ्या कितीही वाढवल्या तरी भेरी तयार होत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची आणि कामाच्या अवजारांची पूजा होते, आणि वादक आपली वाद्ये पुढे मांडतात. त्या ओळीत आता पॅडही असतो. पॅड दंडाच्या पक्षातला आहे, म्हणून त्याची पूजा ढोलाची नव्हे, अवजाराची ठरते. आणि खंडेनवमी ही अवजारांचीच आहे.